पहिली भुजरिया

शिवाजीरावांनी हल्केच्या डोक्यात लाठी घातली, ती बायकोच्या, अनुसूयेच्या डोळ्यांदेखत. रविवार होता. शाळेला सुट्टी, म्हणून ती स्वतःच पोळ्या आणि कैरीचं लोणचं फडक्यात बांधून शेतावर निघाली होती. बांधावर चढली आणि समोर हे. हल्के वाकून फावड्याने त्यांच्या शेताची बंधी, पाणी अडवणारा बांध, कापत होता. पोटऱ्यांपर्यंत चिखलात, पाठ इकडे. शिवाजीरावांनी हाक मारली नाही, शिवी हासडली नाही. लाठी वर गेली आणि खाली आली. आवाजही फार मोठा झाला नाही. हल्के तोंडावर पडला आणि त्याचे हात चिखलात पोहल्यासारखे हलत राहिले.

कापलेल्या बंधीतून पाणी सुटलं होतं. शिवाजीरावांनी लाठी फेकली, हल्केच्याच हातातून सुटलेलं फावडं उचललं आणि भराभरा चिखल ओढून ते तोंड बुजवायला लागले.

अनुसूयेने पोळ्या टाकल्या, धावत खाली उतरली, हल्केचं तोंड चिखलातून वर काढलं. नाकात, तोंडात, डोळ्यांत चिखल. केसांतून रक्त येत होतं ते तिच्या मांडीवर ऊन-ऊन पसरलं.

"अहो, हा मरेल!"

"मरू दे. आधी पाणी."

असे होते शिवाजीराव. वाईट नव्हते. पण पाणी म्हटलं की त्या माणसाला दुसरं काही दिसत नसे.

झाशीच्या बाजूला, गरौठ्याकडच्या त्या मुलखात शेती बंधीवर चालायची. शेताभोवती मातीचा उंच बांध घालायचा, पावसाचं पाणी आत कोंडायचं, क्वारापर्यंत, म्हणजे आश्विनापर्यंत, तसंच उभं ठेवायचं आणि मग सोडून देऊन त्या ओल्या चिखलात गहू-हरभरा पेरायचा. वरच्याची बंधी भरली की पाणी खालच्याकडे ओसंडायचं. शिवाजीरावांची बंधी वरची, कढोरेची खालची. सत्तावनच्या गदरात झाशी लुटली गेली तेव्हा शिवाजीरावांचे पूर्वज तलवार पुरून, बायकापोरं घेऊन इकडे पळून आले होते, आणि कढोरेच्या पूर्वजांनीच त्यांना ही बंधी बांधायला माती टाकून दिली होती. तेव्हापासून दोन्ही घरं एकाच पाण्यावर जगली. पण त्या वर्षी आषाढात एकदाच धो धो पडून आभाळ पांढरं झालं ते झालंच. शिवाजीरावांनी घाबरून आपली बंधी हातभर उंच केली. त्यांच्या शेतातल्या पाण्यात आभाळ दिसायचं आणि कढोरेच्या शेतात भेगा पडल्या. कढोरेने दोनदा येऊन हात जोडले. तिसऱ्यांदा त्याचा धाकटा भाऊ, हल्के, फावडं घेऊन आला.

हल्केला खाटेवर घालून गरौठ्याला नेलं. टाके पडले. थाण्यात कोणी गेलं नाही, थाणेदार दोन्ही घरं खातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कढोरे गावच्या चौपालावर सगळ्यांसमोर उभा राहून बोलला, आणि ते बोलणं संध्याकाळपर्यंत अनुसूयेच्या चुलीपाशी आलं.

"बैन आई है राखी खों. जब लों बैन घरे है, हाथ न उठाहों. बैन गई, के ऊ घर सें लास उठहै."

म्हणजे राखीला आलेली बहीण परत जाईपर्यंत. त्यानंतर अनुसूयेच्या नवऱ्याचा जीव.

*

शाळा म्हणजे एक खोली, एक ओसरी आणि अंगणात निंब. हेडमास्तर गणित आणि भूगोल घेत, बाकी सगळं अनुसूया. मुलं तिला बहिनजी म्हणत. तिची स्वतःची सरला आणि कढोरेची रामकुंवर एकाच टाटपट्टीवर बसत, एकाच दौतीत टाक बुडवत.

सोमवारी हेडमास्तर पान चघळत आले. "बहिनजी, डिप्टी साहब स्कूल जाँचने आने वाले हैं. हुकुम है, बच्चों को शांति सिखाओ. आप सिखा दीजिए. मेरे पास तो पहाड़े हैं."

अनुसूयेने फळ्यावर मोठ्या अक्षरात 'शांति' लिहिलं.

"सांगा, शांति म्हणजे काय? बताओ."

"बहिनजी, जो पंडितजी हवन के बाद तीन बेर कहत."

"बहिनजी, जब दद्दा सो जात."

हशा पिकला. अनुसूयाही हसली असती, पण तेवढ्यात मागे धप्पकन काहीतरी झालं. रामकुंवरने पाटी उचलून सरलाच्या तोंडावर मारली होती. सरलाने तोंड उघडलं तर रक्त आणि रक्तात दात. पुढच्याच क्षणी दोघी जमिनीवर. सरलाने तिचे केस मुठीत धरलेले, रामकुंवरने हिचा हात चावलेला. मुलं गोल करून उभी, आणि ओरडत काय होती? "मार कक्का! मार राव!" कक्का म्हणजे हल्के; खेळ म्हणून ती सकाळपासून हेच खेळत होती, ओसरीत मातीची बंधी करून.

अनुसूयेने कोपऱ्यातली शहतूतची संटी, तिची छडी, उचलली आणि दोघींना फोडून काढलं. आपल्या पोरीला दोन जास्तच, म्हणजे कोणी बोलायला नको. मारता मारता तिला मुलांचे डोळे दिसले. ती संटीकडे पाहत होती, मग तिच्यामागच्या फळ्याकडे, मग पुन्हा संटीकडे.

तिचा हात खाली आला. संटी मोडायला गेली तर ओलं लाकूड, मोडेना. वाकतं आणि सुटतं.

"घुटना लगाओ, बहिनजी," एक मुलगा काळजीने म्हणाला.

तिने गुडघा लावला. तरी मोडली नाही. शेवटी खिडकीतून बाहेर भिरकावली आणि खाली टाटपट्टीवर मुलांत बसली.

"सरला, इकडे ये. रामकुंवर, तूही. आता आपली तक्रार सांगायची नाही. दुसरीची सांगायची. सरला, तू सांग रामकुंवरच्या घरी काय झालं. ती 'हो' म्हणेपर्यंत सांगायचं."

सरला तोंड पुसत होती. "इनके खेत में पानी नहीं आया. बाबांनी बंधी उंच केली म्हणून. और कक्का के सिर में..." तिथे थांबली.

"पूरी कह," रामकुंवर म्हणाली.

"और बाबांनी पाठीमागून मारलं."

"हओ," रामकुंवर म्हणाली. मग तिची पाळी आली. ती कितीतरी वेळ पायाच्या अंगठ्याने टाटपट्टीची सुतळी उसवत राहिली.

"हमाए कक्का ने इनकी बंधी काटी," ती शेवटी म्हणाली. "इनसें पूछी नईं. गेहूं न होते तो जे लोग का खाते."

एवढंच. पण दोघींचे खांदे उतरले ते अनुसूयेने पाहिले. एवढ्याशा पोरींना जे जमलं ते मोठ्यांना का जमू नये, असं तिच्या मनाने घेतलं, आणि तिथेच ती फसली.

नवमी जवळ आली होती. नवमीला गावातल्या मुली पळसाच्या पानांच्या द्रोणांत माती-खत घालून गहू पेरत. अंधारात ठेवलेली ती रोपं पिवळी धम्मक, लांबसडक होत. राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर नेऊन धुवायची आणि गावभर वाटायची. त्यांना भुजरिया म्हणत. भुजरिया देणाऱ्याने घेणाऱ्याच्या कानावर खोवली की वर्षाचं भांडण मिटलं. अनुसूया झाशी शहरातली, मराठी घरातली. तिच्या सासरच्या बायका कधी तळ्यावर गेल्या नाहीत. संध्याकाळी दारात उभं राहायचं, पोरं आली की भुजरिया कानावर खोवून घ्यायची आणि हातावर बत्तासा ठेवायचा. त्या सणाचं शेपूट तेवढं तिने पाहिलं होतं.

तिने शाळेतच द्रोण पेरायला लावले. ज्याच्या घराशी तुमच्या घराचं वाकडं आहे, त्याच्याकडे तुमचा द्रोण न्यायचा.

"बहिनजी, हमाए दद्दा को तो पूरे गांव से है," एकजण म्हणाला. "एक दोना में न पूरहै."

सरला आणि रामकुंवरने एकच द्रोण पेरला. खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली.

*

शिवाजीराव संध्याकाळी ओट्यावर बसून लाठीला तेल चोळत. चिखल ओढताना फावड्याच्या दांड्याने त्यांचा उजवा तळवा सोलला होता, तो सुजून दुप्पट झाला होता. तेल चोळताना ते दातओठ खात.

"बंधी हातभर उतरवा," अनुसूया म्हणाली. "जेवढी चढवली तेवढीच."

"आता? आता उतरवली तर म्हणतील घाबरला."

"घाबरलातच की तुम्ही. म्हणून तर चढवली."

त्यांनी मान वर केली नाही. "शाळेत शांती शिकव. मला नको."

"कढोरे मारेल तुम्हाला."

"मग पांढऱ्या पायाची म्हणव स्वतःला. तू त्यांच्या मुलीला शिकवतेस, हल्केला मांडीवर घेतेस, रक्त पुसतेस. त्यांच्या दारात पाऊल टाकलंस ना, तर त्याच पावलाने झाशीला जा."

सरला दात पडलेल्या जागी जीभ घालत ऐकत होती. अनुसूयेने पिठाची परात पुढे ओढली आणि मळायला लागली. कणकेला इतके ठोसे दिले की परात सरकत भिंतीला लागली.

*

राखी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कढोरेची बहीण बैलगाडीतून गेली, ती अनुसूयेने शाळेच्या ओसरीतून पाहिली. गाडी वळणाआड गेली. आता कढोरेवर बंधन नव्हतं.

दुपारी ऊन कलायच्या आतच तिने मुलांना तळ्यावर नेलं. गाव अजून घरात होतं, बायका तयार होत होत्या. द्रोणातली रोपं धुतली. पिवळ्या, ओल्या, गवतासारख्या वासाच्या जुड्या. मुलं खुशीत होती. तिने ठरवलं होतं, सगळ्यांत आधी कढोरेच्या दारात. तो लाठी उचलायच्या आत. पहिला मान त्याला.

"बहिनजी," रामकुंवर तिचा पदर ओढत म्हणाली, "पैलें हमाए घरे नईं."

"का गं? अजून राग आहे?"

"नईं. पैलें नंबरदार के घरे. उनकी बऊ..."

"भांडण नको. बोलायचं नाही आता. रांगेत, एकामागे एक."

आणखी दोघा-तिघांनी तोंड उघडलं. अनुसूयेने ओठांवर बोट ठेवलं. वर्षभर तिने त्यांना हेच तर शिकवलं होतं, मोठ्यांनी सांगितलं की गप्प राहायचं. मुलं गप्प राहिली. गल्लीतून जाताना दारात उभ्या असलेल्या बायका एकदम आत का सरकताहेत, एकीने तोंडावर पदर का घेतला, हे तिला कळलं नाही.

कढोरेच्या ओसरीत खाट होती. खाटेवर हल्के टेकून बसला होता, डोक्याला हळदीने पिवळं झालेलं फडकं. त्या दिवशी पहिल्यांदा तो उठून बसला होता आणि वाटीने दूध पीत होता. सरला आणि रामकुंवर द्रोण धरून उंबऱ्याशी गेल्या.

कढोरेची बायको आतून आली. तिने द्रोण पाहिला, मागची रांग पाहिली, रिकामी गल्ली पाहिली. हातातलं भांडं सोडलं.

"अरे दइया! जियत आदमी के द्वारे पैली भुजरिया!"

तिने छाती बडवायला सुरुवात केली, खरोखर कोणी मेल्यासारखी. आणि त्या बडवण्यातून अनुसूयेला कळलं. गावाची पहिली भुजरिया त्या घरी जाते, ज्या घरी वर्षात माणूस मेलेला असतो. सगळं गाव आधी तिथे जातं, त्या घराचं सुतक फेडतं, मग बाकीचा सण. त्या वर्षी नंबरदाराची बऊ, गावच्या पाटलाची आई, गेली होती. आणि ती, मारणाऱ्याची बायको, पोरांची रांग घेऊन हल्केच्या खाटेशी उभी होती.

हल्केने दुधाची वाटी दूर सारली.

"मला ठाऊक नव्हतं," अनुसूया म्हणाली. मराठीत म्हणाली. शाळेतल्या पोरांखेरीज कोणाला कळणार?

कढोरे गोठ्यातून आला. त्याने विचारलं नाही. लाठी घेतली आणि धावला. मुलं किंचाळत पांगली. सरला आणि रामकुंवर जागच्या जागी गोठल्या होत्या, द्रोण धरून, आणि लाठी त्यांच्यावरच येत होती. अनुसूयेने मध्ये उजवा हात घातला. कोपराखालचं हाड मोडलं ते तिने दुखण्याआधी ऐकलं. द्रोण उडाला. दोघी पोरी खाटेखाली शिरल्या.

"मारन आए ते, अब सूतक बांटन आईं!" कढोरे ओरडला.

दुसरी लाठी तिच्या पाठीवर पडली. तिसरी पडली नाही, कारण तेवढ्यात शिवाजीराव आले. पांगलेल्या मुलांतलं कोणी सांगायला धावलं असेल. ते कुंपणावरून उडी मारून आले आणि त्यांनी कढोरेच्या खांद्यावर घाव घातला. मग माणसं राहिली नाहीत ती. लाठ्यांवर लाठ्या. शिवाजीरावांची भुवई फुटली, डोळ्यात रक्त गेलं. सुजलेल्या तळव्यातून त्यांची लाठी निसटली. कढोरेने त्यांना पोटात डोकं घालून आडवं केलं, छातीवर गुडघा रोवला. खाट उलटली, हल्के जमिनीवर पडला. कढोरेची बायको ओरडत होती, "मार डारो! मार डारो!" जळणाच्या ढिगाशी कुऱ्हाड होती. कढोरेचा हात तिच्यापर्यंत पोहोचला.

ओरडून काही होणार नव्हतं. पाया पडूनही नाही. शाळेत शिकवलेलं तर त्या क्षणी तिला आठवलंसुद्धा नाही. तिला एवढंच दिसलं की अंगणभर त्या पिवळ्या जुड्या तुडवल्या गेल्या होत्या आणि त्यांत एक मरण होतं. ते कोणाच्या तरी दारी जाणारच होतं.

ती गुडघ्यांवर बसली. मोडका हात पोटाशी धरून डाव्या हाताने जुड्या गोळा करायला लागली. चिखलासकट पदरात घेतल्या. मग उठली.

"कढोरे भैया," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ये भुजरिया तुमाए द्वार की नईं आय. हम गलत द्वारे आ गए. मरा मेरे घर में है. पहिली मेरे दार की."

आणि चिखलाच्या हाताने तिने कपाळावरचं कुंकू पुसलं.

कुऱ्हाड वर होती. शिवाजीराव खालून तिच्याकडे पाहत होते, एका डोळ्याने. ते काही म्हणाले असते तर सगळं फिसकटलं असतं. पण छातीवरच्या गुडघ्याने त्यांचा श्वास कोंडला होता.

कढोरेची बायको ओरडायची थांबली. गल्लीतून बायका पाहत होत्या. कपाळ पुसलेली सवाष्ण त्यांनी पाहिली आणि एकीने आपल्या मुलाचे डोळे झाकले.

जमिनीवर पडलेला हल्के कोपरावर उठला. त्याचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. "दद्दा. छोड़ दो. मरे खों का मारने?"

कढोरेच्या हातात कुऱ्हाड तशीच राहिली. मग त्याने ती मागे टाकली. गुडघा काढला आणि उभा राहून शिवाजीरावांच्या अंगावरून ओलांडून गेला, जसं एखाद्या लाकडाच्या ओंडक्यावरून जावं.

अनुसूयेने मुलांना हाक मारली. जी होती ती आली. ती पुढे, मागे मुलं. सरला आणि रामकुंवर उलटलेल्या खाटेआडून निघून तिच्या दोन्ही बाजूंना. आपल्या दाराच्या उंबऱ्यावर तिने पदर रिकामा केला. मुलांनी एकेक जुडी उचलून तिच्या कानावर खोवली, आणि पाया पडली. हसलं कोणी नाही. मागून शिवाजीराव भिंतीला धरत धरत आले आणि तिला न ओलांडता ओट्यावरच बसले.

*

ज्या घरी पहिली भुजरिया येते त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून जेवण येतं. संध्याकाळी वैद्याने अनुसूयेच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. तो निघाला तेवढ्यात दारात कढोरेची बायको, डोक्यावर टोपली. मागे कढोरे, खांदा एका बाजूला पडलेला.

तिने काही न बोलता पत्रावळी मांडल्या. रोट्या, उडदाची डाळ, मीठ. डाळीला फोडणी नव्हती, हळद नव्हती. सुतकाची डाळ.

शिवाजीरावांनी पत्रावळीकडे पाहिलं. भुवईवरचं रक्त वाळून पापणी चिकटली होती. जबडा हलत होता. जिवंतपणी आपल्याच ओट्यावर आपल्याच सुतकाचं जेवायचं, तेही त्या हातचं. अनुसूयेला वाटलं, आता पत्रावळ उडते. आणि उडाली तर तिने अंगणात जे मिटवलं ते सगळं पुन्हा उठेल.

कढोरे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो जाणार नव्हता. जेवताना पाहूनच जाणार होता.

"बाबा मेले का?" सरलाने हळूच विचारलं.

"गप्प बस," शिवाजीराव म्हणाले. मग त्यांनी रोटी डाव्या हातात धरून, सुजलेल्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी तुकडा तोडला. डाळीत बुडवला. तोंडात घातला. चावत राहिले, चावत राहिले.

"और पानी?" कढोरेने विचारलं.

शिवाजीरावांनी घास गिळला. घरी आल्यापासून बायकोच्या पुसलेल्या कपाळाकडे प्रथमच पाहिलं, आणि नजर फिरवली.

"मरे आदमी की काहे की बंधी, कढोरे," ते म्हणाले. "भोर में आके हाथभर उतार लियो. मुझसे तो फावड़ा पकड़ा नहीं जाएगा."

कढोरेने मान हलवली. त्याच्या बायकोने पुढे होऊन शिवाजीरावांच्या पत्रावळीत आणखी डाळ वाढली. ते नको म्हणाले नाहीत.

अनुसूयेचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. कढोरेची बायको तिच्यासमोर बसली, तिने रोटी कुस्करली, डाळीत कालवली आणि घास तिच्या तोंडाशी धरला. तिचे डोळे अजून लाल होते आणि घास फार मोठा होता. अनुसूयेने तोंड उघडलं.